पँटग्लासच्या एम्रिसचा सत्कार

जव्हारला परतून आज वीस दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "बाई, लंडन कसं आहे?" मी लंडन पाहिलंच नाही. विमान तिथे उतरलं, लेकीने मला गाडीत घातलं आणि थेट कार्डिफला नेलं, एवढीच माझी आणि लंडनची ओळख. मी पाहिलं ते वेल्समधलं एक डोंगरी खोरं. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि मेंढ्यांपेक्षा पाऊस जास्त. त्या खोऱ्यात आठवडाभरात मी असा एक घोळ घालून ठेवला, की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्याविषयी थोडं सांगते. अडतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्यातली वीस वर्षं शाळा सुटल्यावर जव्हारच्या आसपासच्या आदिवासी पाड्यांवर मोठ्या माणसांचे वाचनवर्ग घेतले. त्यामुळे शिकवण्याच्या बाबतीत आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत आहे. समजूत होती म्हणायला हवं.

कार्डिफ

माझी मुलगी मुग्धा कार्डिफच्या एका सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिच्या ड्यूटीच्या वेळा पाहिल्या की आमचा पूर्वीचा एस.टी.चा कंडक्टर सुखी वाटतो. नात ईरा नऊ वर्षांची. ती माझ्याशी मराठीच बोलते, पण तिच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी आहे.

"आजी, तू उद्या माझ्या शाळेत येतो का?"

"येते," मी म्हणायची.

"ओके, मग मी पण येते आणि तू पण येतो."

मी दुरुस्त करायचं सोडून दिलं. खरं म्हणजे मी काही सोडून देत नाही, पण नातीच्या बाबतीत देवसुद्धा नियम बदलतो.

तिथल्या मराठी मंडळींची कोजागिरी शनिवारी दुपारी चार वाजता होती, कारण हॉल तेवढाच मिळाला होता. बाहेर पाऊस, आत ट्यूबलाइट, आणि आम्ही सगळे आटीव दुधाचे पेले हातात घेऊन चंद्राच्या गप्पा मारत होतो. तिथे मला डॉक्टर शैलाताई भेटल्या. सत्तरीच्या, बारीक अंगकाठीच्या, केस अगदी आखूड, पायात चिखलाचे बूट. मूळच्या पुण्याच्या. चाळीस वर्षांपूर्वी इथे हॉस्पिटलात आल्या, मग कार्डिफपासून तीन तासांवरच्या एका खोऱ्यात जीपी, म्हणजे गावाच्या डॉक्टर, झाल्या. नवरा वारला, निवृत्ती झाली, तरी तिथेच राहिल्या.

मी काय करत होते हे ऐकल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला. "अ‍ॅडल्ट लिटरसी? निर्मलाताई, मग तुम्ही माझ्याकडे का येत नाही? आमच्या व्हॅलीत आम्ही तेच सुरू करतोय. कम फॉर अ वीक. खोली रिकामीच आहे."

इंग्लंडात निरक्षर? मला हसू आलं. शैलाताईंनी आधी मला हे वेल्स आहे, इंग्लंड नव्हे, असं बजावलं. मग म्हणाल्या, "आहेत. आणि लपवायला इतके हुशार आहेत की शेजाऱ्यालाही कळत नाही."

मुग्धा म्हणाली, "आई, जा तू. पण तिकडे जाऊन सगळ्यांना शिकवत बसू नकोस." मुलीला आपल्या आईची ओळख असते.

सोमवार: खोऱ्यात

शेवटचा तासभर रस्ता एका गाडीच्या रुंदीचा होता, दोन्ही बाजूंना उंच कुंपण. समोरून ट्रॅक्टर आला, तर शैलाताई पाव मैल मागे गेल्या, त्याही सत्तर वर्षांच्या मानेने. ट्रॅक्टरवाल्याने जाताना स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. शैलाताईंनीही उचललं. एवढ्यात नमस्कार, आभार आणि ख्यालीखुशाली सगळं उरकलं. आपल्याकडे अशा वेळी आधी दोघेही उतरतात.

तिथे माणसाला आडनाव फारसं चिकटत नाही. सगळे जोन्स नाहीतर डेव्हिस, मग ओळखायचं कसं? म्हणून शेताचं किंवा धंद्याचं नाव लावतात. पोस्टात काम करणारी नेरिस ती 'नेरिस पोस्ट', पँटग्लास नावाच्या शेतावरचा एम्रिस तो 'एम्रिस पँटग्लास'. आमच्या पाड्यांवर असंच चालतं, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी 'निर्मला कार्डिफ' झाले.

चहाला नेरिस आली. पन्नाशीची, गालांवर वाऱ्याचा लालपणा, हातात डबा. डब्यात तव्यावर भाजलेल्या मनुकांच्या जाड पोळ्या होत्या, त्यांना ते वेल्श केक म्हणतात. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर तिने चरबीऐवजी लोणी घालून वेगळा घाणा केला होता. मी तिला शेंगदाण्याची चटणी दिली. तिने ती केकवर पसरून खाल्ली आणि चांगली लागते म्हणाली. मी करून पाहिलं. खरोखर लागते.

नेरिसच शिकवणार होती. याचं मला आश्चर्य वाटलं. घरात डॉक्टर आहे, आता शिक्षिकाही आली, आणि शिकवणार कोण, तर पोस्टवाली.

"तो रूलच आहे," शैलाताई म्हणाल्या. "हे मी इथे शोधलं नाही. रिटायर झाल्यावर वर्षभर मी ऑस्ट्रेलियात एका लांबच्या आदिवासी वस्तीत क्लिनिक चालवलं. दोनशे माणसं असतील. तिथे मोठ्यांसाठी वाचायला शिकवायची मोहीम चालू होती. मला वाटलं, शहरातून टीचर येतील, फळा लावतील. दोन महिने फळा उघडलासुद्धा नाही. वस्तीतल्याच दोन बायका घरोघर गेल्या, प्रत्येक घरी बसल्या, चहा प्यायल्या आणि विचारलं की तुम्हाला काय वाचायचंय. बाहेरचे सगळे मागे बसायचे. माझं काम ड्रायव्हरचं."

"आणि शिकली माणसं?"

"एक आजी क्लिनिकमध्ये आली. नेहमी मी फॉर्म वाचून दाखवायचे, ती अंगठा द्यायची. त्या दिवशी तिने फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाली, तू थांब, मी वाचते. वीस मिनिटं लागली. बाहेर पेशंटची रांग. मी थांबले. त्यांनी शेवटी मोठा समारंभ केला, सगळं गाव आलं, पदवीदानाचे गाऊन घालून फोटो काढले. आजी पहिल्या रांगेत."

हा समारंभ माझ्या डोक्यात पक्का बसला. बाकीचं मी तितकं नीट ऐकलं नाही, हे आता कबूल करते.

मंगळवार: शैलाताईंचं स्वयंपाकघर

संध्याकाळी मागच्या दाराने एम्रिस आला. सदुसष्ट वर्षांचा, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच. हातात अंड्यांचा खोका. खोका टेबलावर ठेवला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि वही काढली. शैलाताई आणि मी मागे खिडकीशी बसलो.

त्याची बहीण मेगन त्याच्याबरोबर राहायची. शेताचे सगळे कागद, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, आलेली पत्रं, सगळं ती वाचायची. ती फेब्रुवारीत वारली. एप्रिलमध्ये एम्रिस नेरिसला फाटकाशी गाठून म्हणाला होता, "मला पत्रं वाचून दाखवू नकोस. वाचायला शिकव." तेव्हापासून दर मंगळवारी तो अंडी घेऊन येत होता.

आणि येत्या रविवारी त्याची परीक्षा होती. तिथल्या चॅपलमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, दर रविवारी कुणीतरी उभं राहून आठवड्याच्या सूचना वाचतं. कुणाकडे बाळ झालं, कुणाचं ऑपरेशन आहे, सभा कधी आहे. पाळीपाळीने सगळे वाचतात. एम्रिसने तीस वर्षं ही पाळी टाळली. कधी घसा बसला, कधी गाय व्यायली. लोक म्हणायचे, पँटग्लासवाले गर्विष्ठ, चार ओळी वाचायला जड जातं. या वेळी तो हो म्हणाला होता.

तो सूचनांचा कागद वाचायला लागला. वेल्श भाषा जशी लिहितात तशीच वाचतात, त्यामुळे शब्द कळत नसले तरी तो कुठे अडतोय ते मला ऐकू येत होतं. एका शब्दावर तो थांबला. बोट थांबलं. नेरिस काहीच बोलली नाही. ती उठून खिडकीतून डोंगराकडे बघू लागली, जणू तिला तिथे काही काम आहे. मिनिट गेलं असेल. माझी जीभ दातांखाली वळवळत होती. अडतीस वर्षं मी एकाही मुलाला एवढा वेळ अडू दिलं नाही, लगेच पुढचं अक्षर पुरवलं. मग त्याने तो शब्द काढला. नेरिस परत येऊन बसली.

"अडलेल्याला सांगायचं नाही, आणि त्याच्या तोंडाकडे बघायचंही नाही," शैलाताई माझ्या कानात म्हणाल्या.

तासाभराने एम्रिसने रिकामा खोका घेतला, मला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि मागच्याच दाराने गेला. मागच्या दाराचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मला वाटलं, बूट चिखलाचे असतील.

बुधवार: घरोघर

नेरिस पोस्टातून सुटली की आपल्या गाडीने घरोघर जायची आणि मीही गेले. वाचता येतं का, असं ती कधीच विचारत नाही. विचारते, "घरात कुणाला कागदपत्रांत मदत लागते का?" प्रत्येक घरी चहा, आणि प्रत्येक घरी तेच उत्तर, "आमच्याकडे नाही. पण पलीकडच्या शेतावर विचारून बघ." पलीकडच्या शेतावर म्हणायचे, अलीकडच्या. जव्हारला मी हेच उत्तर पाड्यापाड्यावर ऐकलं आहे. फरक एवढाच, की तिथे चहा गुळाचा असायचा आणि इथे प्रत्येक घरी कुत्रा माझे बूट चाटायचा. सात घरं झाली, आठ कप चहा झाला, आणि वर्गाला नाव एकही मिळालं नाही.

"असंच असतं," नेरिस म्हणाली. "पहिला कुणीतरी उघड यायला हवा."

हे वाक्य मी नको तितकं मनावर घेतलं.

गुरुवार: घोळ

गुरुवारी दुपारी चॅपलची साफसफाई होती आणि नंतर शेजारच्या वेस्ट्रीत, म्हणजे त्यांच्या सभागृहात, चहा. तीसेक माणसं. चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव, लोणी, आणि नेरिसने खास माझ्यासाठी केलेलं लीकच्या कांद्याचं आणि बटाट्याचं बिनमांसाचं कालवण. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी तयारीने गेले होते. कुठलाही निवृत्त शिक्षक तयारीनेच जातो. त्याच्या घरात दोन गोष्टींना तोटा नसतो: भाषण आणि सत्कारात मिळालेल्या शाली. माझ्या कपाटात अठरा आहेत. त्यातली एक चांगली मी व्याह्यांसाठी आणली होती, ती पिशवीत घातली होती. नारळ कार्डिफच्या देशी दुकानातून आणलेला होताच, मुग्धाने आमटीसाठी बांधून दिलेला.

मी इंग्रजीत बोलले. जव्हारबद्दल सांगितलं, आमच्या वर्गातल्या सोनीबाईने साठाव्या वर्षी एस.टी.ची पाटी वाचली ते सांगितलं. लोक मनापासून ऐकत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हणजे मला रॉकेल.

"आमच्याकडे अशा माणसाचा आम्ही गावासमोर सन्मान करतो," मी म्हणाले. "आणि तुमच्याही गावात असा एक माणूस आहे, ज्याने सदुसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकायला सुरुवात केली."

शैलाताई आतल्या खोलीत किटल्या भरत होत्या. त्या असत्या तर त्यांनी माझा पदर ओढला असता. मी सरळ एम्रिसपाशी गेले, त्याच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला आणि टाळ्या वाजवायला लागले. मी एकटीच.

एम्रिस उभा होता. त्याचा चेहरा शालीसारखाच पांढरा पडला. त्याने वेल्शमध्ये 'दिओल्च' म्हटलं, म्हणजे आभार. ईराने मला तेवढा शब्द शिकवून पाठवला होता. मग त्याने नारळ टेबलावर ठेवला, तो घरंगळू नये म्हणून बशी टेकवली. शालीची नीट घडी घातली, ती नारळाशेजारी ठेवली, टोपी घेतली आणि बाहेर गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

कुणीतरी विचारलं, "अजून चहा घेणार का कुणी?" आणि सगळ्यांनी घेतला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.  घरी स्वयंपाकघरात आल्यावर शैलाताई बूटही न काढता म्हणाल्या, "निर्मलाताई, थर्टी इयर्स मी त्याची डॉक्टर होते. मला पहिल्या वर्षी कळलं होतं. मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. नेरिस पंधरा वर्षं त्याची पत्रं फाटकात वाचून दाखवत होती, मेगन आजारी असली की. तिने कुणाला सांगितलं नाही. तुम्ही चौथ्या दिवशी भर सभेत सांगितलंत."

"ऑस्ट्रेलियात तर सगळं गाव..."

"ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. एम्रिसला कुणी विचारलं?"

 मी चक्क रडले. भाषणाची मला कधी लाज वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. आणि रविवारचं काय होणार हा विचार पाठ सोडेना. तो आला नाही, तर आता लोक गर्विष्ठ म्हणणार नव्हते. खरं कारण म्हणणार होते.

शुक्रवार: पँटग्लास

माफी मागायला मी आणि शैलाताई त्याच्या शेतावर गेलो. पाऊस बारीक होता. एम्रिस दगडी कुंपणाच्या वाड्यात मेंढ्या निवडत होता. शरद ऋतूत डोंगरावरच्या सगळ्यांच्या मेंढ्या खाली आणतात, तेव्हा एकमेकांत मिसळलेल्या वेगळ्या करतात. शेजारचा शेतकरी ग्विलिम त्याच्या मेंढ्या न्यायला आला होता.

मी म्हणाले, "मिस्टर एम्रिस, मला तुमची माफी..."

"त्या फाटकाशी उभ्या राहा," एम्रिस म्हणाला. "माझी आली की डावीकडे सोडा. ग्विलिमची आली की उजवीकडे."

"तुमची-त्यांची ओळखायची कशी?"

त्याने एक मेंढी धरून तिचा कान मला दाखवला. तिथे प्रत्येक शेताची कानावरची खूण ठरलेली असते, पिढ्यानपिढ्यांची. कुणाचं टोक कापलेलं, कुणाची खालून खाच, कुणाची मधे चीर. पँटग्लासची खूण उजव्या कानाचं टोक कापलेलं आणि डाव्याला खालून खाच. ग्विलिमची नेमकी उलटी. आता कानात प्लास्टिकचे बिल्ले असतात, पण त्यांवरचे आकडे वाचायला मेंढी हातात धरावी लागते. हे लोक कान वीस पावलांवरून वाचतात.

पहिली मेंढी आली. मी डावीकडे सोडली. ग्विलिम हसला. दुसरी उजवीकडे सोडली. ग्विलिम जास्त हसला.

"मेंढीचा उजवा कान," तो म्हणाला, "तुमचा नव्हे."

मेंढी तोंड समोर करून येते तेव्हा तिचा उजवा माझ्या डाव्या हाताला, हे मला कळत होतं. पण ती थांबत नव्हती. ओले कान, सगळे सारखे, मागून दुसरी ढकलतेय, आणि शेजारी एक माणूस हसतोय. मी घामाघूम झाले. पाच चुकवल्या, त्या एम्रिसला पळत जाऊन परत आणाव्या लागल्या. सहाव्या वेळी मी फाटक धरून नुसतीच उभी राहिले. एम्रिसने मेंढी गुडघ्यांत अडवून धरली आणि तो डोंगराकडे बघत उभा राहिला. ग्विलिमला त्याने एकच शब्द सांगितला, तसा ग्विलिमही गप्प झाला.

मी कान पाहिले. परत पाहिले. "तुमची," मी म्हणाले.

त्याने फाटक उघडलं.

नंतर त्याच्या स्वयंपाकघरात चहा झाला. मेगनचा चष्मा अजून खिडकीत होता. एम्रिस म्हणाला, "मला राग आला आहे. नाही असं म्हणणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले.

"सात वर्षांचा असताना पायाच्या दुखण्यानं वर्षभर हॉस्पिटलात होतो. परत आलो तर सगळे वाचायला लागले होते. मास्तरांनी मला मागे बसवलं, मागच्याला कुणी विचारत नाही. आधी लाज वाटायची, मग सवय झाली. साठ वर्षं झाकलं. तुम्ही दोन मिनिटांत उघडलंत." त्याने कपात साखर ढवळली. "काल घरी आलो तर झोप लागेल असं वाटलं नव्हतं. लागली. का ते माहीत नाही."

"रविवारी वाचणार का तुम्ही?" शैलाताईंनी विचारलं.

"ते मी अजून ठरवलं नाही," तो म्हणाला, आणि निघताना आम्हाला अंडी दिली.

शनिवारी काहीच घडलं नाही. पाऊस पडला. मी शैलाताईंना शिळ्या पावाचा चिवडा करून दिला आणि दिवसभर खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. त्या मला दोनदा म्हणाल्या, "बघून रविवार लवकर येणार नाहीये, ताई." त्यांचा राग उतरला होता, माझी काळजी उतरत नव्हती.

रविवार: चॅपल

चॅपल म्हणजे साधी दगडी इमारत, आत लाकडी बाकं, ना मूर्ती ना फूल. मला माझ्या पहिल्या शाळेची आठवण झाली. वेस्ट्रीतले सगळे चेहरे तिथे होते आणि सगळे माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, त्यामुळे मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शैलाताईंच्या आणि माझ्यामध्ये निळ्या कोटातली एक बाई बसली, पंचाहत्तरीची असेल. तिने आपलं स्तोत्रांचं पुस्तक माझ्यापुढेही धरलं. गाणं सुरू झालं. तीस माणसं, पण चार वेगवेगळ्या सुरांत गात होती, कुणी शिकवल्याशिवाय. एम्रिसचा आवाज सगळ्यांत खालचा, आणि तो समोर होता. टाय लावून, तिसऱ्या बाकावर.

गाणं संपलं. प्रवचनकाराने मान हलवली. सूचनांची वेळ.

एम्रिस उठला. पुढे गेला, वळला, चष्मा लावला आणि खिशातून कागद काढला. वाचायला लागला. हळू, बोट कागदावर, अगदी मंगळवारसारखं. एक ओळ झाली. दोन झाल्या. तिसऱ्या ओळीत तो अडला.

 बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. मी हात मांडीखाली दाबून धरले. मनात आकडे मोजले, वीस झाले, तीस झाले. मग मी हळूच इकडेतिकडे पाहिलं. एकही माणूस एम्रिसकडे बघत नव्हता. कुणी छताकडे, कुणी बुटांकडे, कुणी खिडकीबाहेर. सगळ्या चॅपलला अचानक बघण्यासारखं दुसरं काहीतरी सापडलं होतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. मीही खिडकीबाहेर पाहिलं. तिथे डोंगर होता.

शब्द आला. एम्रिस पुढे गेला. कागद संपला असं वाटलं तेव्हा त्याने तो उलटा केला. मागच्या बाजूला पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. ते मंगळवारी नव्हतं. शैलाताई निळ्या कोटाच्या मागून माझ्याकडे झुकल्या आणि पुटपुटत सांगू लागल्या.

"म्हणतोय, या मंगळवारपासून वेस्ट्रीत वाचनाचा वर्ग. नेरिस पोस्ट शिकवेल. मीही असेन. मी सहा महिने पुढे आहे, एवढंच. पुढच्या दाराने या." त्या थांबल्या. "स्वतः लिहिलंय त्याने. वेळ लिहायची राहिली बघा."

एम्रिसने चष्मा काढला. कुणी हललं नाही. तो आपल्या बाकाकडे निघणार तेवढ्यात माझ्या शेजारची निळ्या कोटातली बाई, जी मघापासून माझ्यासाठी पुस्तक धरून होती, बसल्या जागेवरून स्पष्ट आवाजात दोन-तीन शब्द बोलली. वळून तिच्याकडे कुणीही पाहिलं नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

 शैलाताईंचे डोळे भरले होते. "विचारतायत," त्या म्हणाल्या, "किती वाजता?"

एम्रिस परत फिरला. त्याने चष्मा पुन्हा लावला, कागद बायबलवर ठेवला, खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि आम्ही सगळे बसलेलो असताना सावकाश काहीतरी लिहिलं. मग कागद वर धरला आणि ते वाचून दाखवलं. सात वाजता.